सकाळपासून सांगा

२० फेब्रुवारी १९४८. हळद उकडायचं काम चालू होतं. कुरुंद्याला आमच्या मळ्यात चूल खणून वर मोठी कढई चढवली होती आणि खाली जाळाला तुऱ्हाट्या सारायचं काम माझ्याकडे होतं. कढईवर ओली पोती झाकलेली असतात. वाफ चांगली धरली की एक गड्डा काढायचा आणि त्यात काडी टोचून बघायची. काडी सहज आत गेली की हळद उतरायची. तिसरी कढई वाफेवर आली तेव्हा आमचा गडी गावातून आला आणि म्हणाला, "रहमतबी गेली. आज पहाटं."

मी काडी टोचली. गड्डा कच्चा होता. आणखी तुऱ्हाट्या सारल्या आणि मग विचारलं, "मातीला कधी नेणार?"

"दोपारी."

रहमतबी गावची सुईण. माझ्या धाकट्या जावेला, काशीला, पाचच दिवसांपूर्वी तिनं मोकळं केलं होतं. मुलगी झाली. त्यानंतर दोन दिवस ती मालिशला आली, मग ताप भरला म्हणून सुनेबरोबर निरोप धाडला. काशी रोज तिची वाट बघत होती. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, बाजूला बसून हळकुंडं निवडत होत्या. त्यांनी बातमी ऐकली, पदर कपाळावर ओढला आणि म्हणाल्या, "काशीला कोणी सांगायचं न्हाई. ओली बाळंतीण हाय. दूध आटंल."

"ती इचारल की," मी म्हणाले.

"ताप उतरला, लेकीकडं इसाव्याला गेली म्हणावं. सव्वा महिना झाला की मंग बघू."

मी चुलीत आणखी दोन तुऱ्हाट्या सारल्या. अगदी असंच बोलणं ह्या घरात एकदा झालं होतं आणि त्यापायी काशीचं डोकं दोन वर्षं ठिकाणावर नव्हतं. ते ठिकाणावर आणलं रहमतबीनं. आता तिच्याच मरणाची बातमी काशीला द्यायची, की पुन्हा तसलंच काही सांगून वेळ काढायचा? हे मला ठरवायचं होतं, कारण काशी विचारणार ते मलाच.

रहमतबी दिसायला काही विशेष नव्हती. बुटकी, रुंद, एका डोळ्यातून सारखं पाणी. कमरेला पानाची डबी आणि हातात अडकित्ता. बोलताना ती सुपारी कातरत राहायची आणि कामाचं बोलायचं असलं की थांबायची. त्यामुळे अडकित्त्याचा आवाज बंद झाला की बाया आपोआप गप्प होत. स्वभावानं भांडखोर. मेथीच्या एका जुडीवरून माळणीशी तासभर भांडायची आणि जुडी न घेताच निघून जायची. मांजराचा तिला भारी तिटकारा. बाळंतिणीच्या खोलीत मांजर दिसलं तर आधी मांजर बाहेर, मग बाळंतपण. लुगडं दिलं तर काठ बोटानं चोळून बघायची आणि हलका असला तर दारातच सांगायची, "हे तुमच्या विहिणीला द्या. मला धडाचं काढा."

सुईणपणाखेरीज तिच्याकडे दुसरंही काम होतं. त्यांच्या समाजात बाई गेली की तिला शेवटची आंघोळ रहमतबीच घालायची. "आणते बी मीच आन् धुऊन धाडते बी मीच," ती म्हणायची. "दोन्ही टायमाला पाणी कोमटच लागतं."

ह्या दोन कामांमुळे गावातलं एकही घर तिला परकं नव्हतं. मरण झालेल्या घरात ती चार-सहा महिन्यांनीही एखादी चक्कर टाकायची, कोणी बोलावलेलं नसताना. आल्यावर बसायची नाही. थेट चुलीपाशी जाऊन तवलीवरचं झाकण उचलून बघायची, कालचं अन्न तसंच आहे का. मग विचारायची, "जेवलीस का?" उत्तर काय येतं ह्याच्याशी तिला कर्तव्य नसे, ते तिनं तवलीत पाहिलेलं असे.

एकदा मी विचारलं होतं, इतक्या घरी कशाला जातेस म्हणून. ती म्हणाली, "रडणारीची फिकर नसती, थोरल्या बाई. रडती, भांडती, उठती. पण एक असती ती तिसऱ्या दिशीच काही न झाल्यावानी भाकरी थापती. आन् दुसरी असती ती साल उलटलं तरी त्याच जागेवर बसलेली असती. या दोघींवर नजर ठिवावी लागती."

"मग करतेस काय?"

"काय करणार? मी काय हकीम हाय? सकाळपासून सांग म्हणते."

हे तिचं औषध. मेलेल्या माणसाबद्दल लोक विचारतात ते शेवटचं: कसा गेला, काय बोलला. रहमतबी तिथून सुरुवात करू द्यायची नाही. त्या दिवशी सकाळी उठल्यावर काय केलंस? पाणी कोणी भरलं? भाकरी ज्वारीची होती का बाजरीची? तो कोणत्या दारानं बाहेर गेला? असं पायरी पायरीनं दिवस चालत आणायची. बाई मधली एखादी पायरी चुकवून पुढे उडी मारायला लागली की म्हणायची, "थांब. मधी काहीतरी राह्यलं." आणि एकदा सांगून भागत नसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळपासून. तेव्हा हाताला काम हवं, शेंगा फोडणं, हळद निवडणं, काहीही. "रिकाम्या हातानं हे बोलणं व्हत न्हाई," ती म्हणायची.

आमच्या शेजारच्या तुळसाचा नवरा सर्पदंशानं गेला. तुळसा रोज दुपारी त्याची भाकरी करून, फडक्यात बांधून शिंक्यात ठेवायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. वर्ष झालं तरी हेच. घरातली माणसं म्हणायची, करू द्या, कोणाचं काय जातं. रहमतबी एका दुपारी गेली, शिंक्यातली भाकरी काढली आणि ओट्यावर बसून खाल्ली. वर कांदा मागितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आज मीठ कमी पडलं," म्हणाली. आमच्या कुंपणावरून सगळं ऐकू यायचं. असे सात-आठ दिवस गेले. शेवटी तुळसा तिच्या हातातली भाकरी ओढून ओरडली, "लाज कशी वाटत न्हाई तुला? माझ्या मालकाची भाकर हाय ती!"

"मंग त्याला बलाव की. गार होऊन राहिली."

तुळसानं भाकरी अंगणात फेकली, रहमतबीला नको नको ते बोलली, तिच्या सात पिढ्या काढल्या आणि मग खाली बसून रडली ती दिवे लागेपर्यंत. रहमतबी तिथंच बसून सुपारी कातरत राहिली. 'रडू नको' म्हणाली नाही आणि 'रड' असंही म्हणाली नाही. निघताना मला कुंपणापाशी म्हणाली, "उद्या सकाळपासून सांगायला लावते. पण पोरीच्या हाताला चव हाय हां."

तिचं प्रत्येक वेळी साधलं असं मात्र नाही. नरसीच्या वाटेवरच्या एका वस्तीत एका बाईचा एकुलता एक भाऊ विहिरीत पडून गेला होता आणि ती महिनोन् महिने बोलत नव्हती. रहमतबीनं तिला एकटीला गाठून एका बैठकीत सगळं वदवून घेतलं आणि गाडी निघत होती म्हणून परत आली. दुसऱ्या दिवशी ती बाई घरातून निघून गेली. तीन दिवसांनी ओढ्याकाठी सापडली, जिवंत, पण त्यानंतर तिनं कोणालाच ओळख दाखवली नाही. मी कधीच विचारलं नसतं. रहमतबीनं आपणहून सांगितलं. "घाई केली. फोड पिकायच्या आधी सुई लावली. आन् तिच्यापाशी कोणी ठिवलं न्हाई." त्यानंतर तिनं नेम धरला: बाई पोटभर जेवलेली हवी, दिवस वर आलेला हवा, आणि तिचं आपलं एक माणूस शेजारी हवं, जे नंतर घरात राहील.

काशीच्या वेळी ते माणूस मी होते.

सात वर्षांपूर्वी आषाढात गावात पटकी आली. काशी त्या वेळी तीन दिवसांची बाळंतीण, मुलगा झाला होता. तिची थोरली मुलगी गोदी चार वर्षांची. गोदीला पहाटे जुलाब-ओकारी सुरू झाली आणि दुपारपर्यंत ती गेली. काशी दहा पावलांवर बाळंतिणीच्या खोलीत, दार बंद. आत्याबाई म्हणाल्या, सांगायचं नाही, दूध आटेल, आता निदान पोरगा तरी वाचू दे. आम्हां सगळ्यांना ते पटलं. इकडे असंच करतात. काशीनं गोदी कुठे आहे म्हणून विचारलं तेव्हा रहमतबी तिचं पोट बांधत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "गावात पटकी हाय. कळमनुरीला तिच्या मावशीकडं धाडली." दीर, म्हणजे काशीचा नवरा, आणि आमचे हे गोदीला कापडात गुंडाळून घेऊन गेले. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका तिथं जात नाहीत.

सव्वा महिना झाला. आत्याबाई म्हणाल्या, पोरगं जरा बाळसं धरू द्या. मग दिवाळी आली, सणात कशाला. मग एके दिवशी विहिरीवर कोणीतरी काशीला म्हणालं, "तुझी गोदी असती तर आता घागर उचलली असती गं." काशी हसली. घरी आली, शेंगदाण्याचे लाडू केले, फडक्यात बांधले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भावजी, कळमनुरीच्या बाजाराला चाल्लात ना? गोदीला द्या." त्यांनी फडकं घेतलं. लाडू बैलांना घातले आणि संध्याकाळी फडकं परत आणून म्हणाले, "पोचले."

मग दर बाजाराला एक गाठोडं. दोन वर्षं. दिवाळीला ती गोदीसाठी परकर शिवायची, आणि माप घ्यायला शेजारची गोदीच्याच वयाची शांता लागायची. शांताला समोर उभी करून परकर वीत वीत वाढवायची. मुलाला दूध पाजायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. तो मलाच आई म्हणायला लागला. लोक म्हणायचे, पोरगी गेली आणि पोरगा आला, हिला दुःख कसलं? आत्याबाईंनी भगत आणला, लिंबं कापली, मिरच्यांचा धूर केला. काशी त्या धुरात खोकत बसली. शेवटी दीर म्हणाले, तिला माहेरी पाठवून द्यावं आणि पोरगा इथं ठेवावा. दिवसही ठरला.

ते कळल्यावर रहमतबी आली. माजघरात उभी राहून आत्याबाईंना म्हणाली, "तिला भूतबित काही न्हाई. तिला खबरच न्हाई दिली आपण. खोटं मी बोलले, मीच काढते. तुमी मधी पडू नका."

हळद निवडायचेच दिवस होते. काशीला जेवू घातलं, मला तिच्या शेजारी बसवलं, तिघींपुढे ढीग ओतला. रहमतबीनं अडकित्ता डबीत ठेवून दिला.

"काशे, गोदी कळमनुरीला न्हाई. ती कधी गेलीच न्हाई तिथं. त्या दिशी दोपारीच आटपली. मी तुला फसवलं."

काशीनं हातातला गड्डा तिच्या तोंडावर फेकून मारला. रहमतबीच्या भुवईवर खोक पडली. ती जागची हलली नाही. काशी उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी रहमतबी पुन्हा आली, जखमेवर हळदच लावून, आणि निवडत बसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काशी बाहेर येऊन बसली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "सकाळी तिनं काय खाल्लं व्हतं?"

मी सांगायला लागले. काही खाल्लं नव्हतं, पेज दिली ती ओकली. मग पाणी मागत होती. त्या वेळी पटकीच्या माणसाला पाणी देऊ नये असं आम्ही समजायचो, म्हणून नुसते ओठ ओले केले. मग हात-पाय गार पडले. मग गेली. रहमतबी म्हणाली, "पुन्हा सांग. मधी काहीतरी राह्यलं." मी पुन्हा सांगितलं. "राह्यलंच," ती म्हणाली. असे तीन दिवस. राहिलं होतं हे मला माहीत होतं. ते तिला कसं कळलं हे मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी ते सांगितलं. "ती तुला हाका मारत व्हती. तुला ऐकू जाऊ नये म्हणून मी तिच्या तोंडावर हात ठिवला."

काशीचे हात चालूच होते. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. ती म्हणाली, "मी ऐकलं व्हतं."

काशीनं आणखी एक गड्डा बाजूला टाकला.

"ऐकलं व्हतं जाऊबाई. हिला इचारलं. ही म्हणली, शेजारची शांता रडून राहिली. मला ठावं व्हतं ती शांता न्हाई. मी उठले न्हाई. पटकीच्या पोरीपाशी गेले आन् पोराला लागली तर, म्हणून उठले न्हाई."

म्हणजे दोन वर्षं आम्ही जे तिच्यापासून लपवत होतो ते ती आमच्यापासून लपवत होती. रहमतबीनं तिचे पिवळे हात धरले आणि म्हणाली, "आता बराबर झालं. आता उद्या पुन्हा सकाळपासून. पण उद्या तू सांगायचं."

महिनाभर ते चाललं. मग रहमतबीनं गाडी जुंपायला लावली आणि बायका जात नसतात तिथं काशीला नेलं. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नाल्याच्या काठी बाभळी होत्या आणि गवत माजलेलं. माझ्या दिरांना जागा नेमकी आठवेना. काठीनं दाखवत म्हणाले, "हितं... न्हाईतर त्या दगडापाशी." काशी दोन्हीकडे थोडा थोडा वेळ बसली. घरी आल्यावर तिनं परकर काढले आणि शांताला देऊन टाकले. ते शांताच्याच मापाचे होते. माहेरी पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मुलगा मला काकी म्हणायला लागायला मात्र पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

आषाढात अजूनही दोन-तीन दिवस काशी कोणाशी बोलत नाही. मी एकदा रहमतबीकडे तक्रार केली की हे काही पुरतं गेलेलं नाही. ती म्हणाली, "तेवढं राहू द्या. दुखणं गेलं. हे राह्यलं ते लेकरू हाय."

मी तिला शेवटची पाहिली ती काशीच्या ह्या बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी. मालिश आटोपून ती आमच्या ओट्यावर बसली होती, अंग कसकसतंय म्हणत होती, आणि आत्याबाईंनी दिलेल्या लुगड्याचा काठ चोळून बघत होती. "या खेपंला बरा हाय," म्हणाली. आमच्या ओट्याखाली मांजर व्यालेलं तिला दिसलं. ती उठली, चप्पल उगारली, पिल्लांकडे बघितलं आणि चप्पल पायात घालून गल्लीनं निघून गेली.

हळदीची शेवटची कढई उतरवून मी दिवस मावळायच्या आत त्यांच्या वस्तीत गेले. सध्या दिवस बरे नाहीत. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या गल्लीत जायचं टाळतात, आणि आत्याबाईंनी मला दारातच अडवलं होतं. मी गेले. रहमतबीला माती देऊन माणसं परतली होती. तिची सून ओट्यावर बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "सकाळपासून सांग." तिनं सांगितलं. मधे दोनदा मी तिला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीला बाजरीची पेज आणि खारीक-खोबरं पोटभर दिलं. मुलीला तिच्या अंगावर लावलं. खिडकी उघडली. आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना मी म्हणाले, तुम्ही आत या नाहीतर बाहेर जा. त्या आत आल्या. लसणाची गड्डी काशीच्या पुढ्यात ठेवली, दुसरी मी घेतली आणि सोलायला लागले.

"काशी, रहमतबी काल गेली," मी म्हणाले. "परवा रात्रभर ताप होता. पहाटे उठून तिनं सुनेकडून गरम पाणी मागितलं. चहा नको म्हणाली. चूळ भरली, मग डबी मागितली, पण सुपारी कातरायला हात चालेना, म्हणून सुनेनं कातरून दिली..."

काशीनं लसूण खाली ठेवला. डोळ्यांतलं पाणी मुलीच्या कुंचीवर पडत होतं. मग तिनं मुलीला दुसऱ्या अंगाला घेतलं, लसूण परत उचलला आणि म्हणाली, "मंग?"